जुन्या पिकअपच्या पत्र्याची दुरुस्ती

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या कालावधीत निर्माण झालेली शेव्हरोलेची पिकअप गाडी आज हाती येते, तेव्हा तिच्या केबिनचे मागील खालचे कोपरे बहुधा गंजाने जर्जर झालेले आढळतात. कारण दुपदरी पत्र्याच्या पोकळीत शिरलेले पाणी व माती तेथेच साचून राहते आणि क्षय आतून बाहेर येतो. म्हणूनच वरवर लांबी भरून रंग चढविणे ही गाडीशी केलेली बेइमानी होय. सडलेला भाग निकोप धातूपर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा बसवावा, आणि वेल्डिंग सलग न करता दूरदूरच्या ठिपक्यांनी करावे. अन्यथा उष्णतेने पत्रा वाकतो.

पोचा काढण्याचे काम याहून नाजूक. मागे पोलादी ठोकळा धरून पुढून हलक्या हातोडीने, कडेपासून मध्याकडे सरकत, ठोके द्यावेत. जोराच्या घावाने धातू ताणला जातो, व मग तो तापवून आकसविण्याची तजवीज करावी लागते. उरलेले उथळ खळगे त्या काळचे कारागीर शिसे व कथील यांच्या मिश्रधातूने भरीत, कारण १८३ अंश सेल्सिअसच्या पुढे काही मर्यादेपर्यंत तो लोण्यासारखा मऊ राहतो आणि लाकडी थापीने पसरविता येतो. शिशाची धूळ विषारी असल्याने तो यंत्राने न घासता कानशीनेच उतरवावा.