एक वायफाय, तीन आकडे

समजा, फ्लॅटवर तुम्ही चौघं राहता आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनचं बिल वाटून भरता. हॉलमध्ये मोबाइलवर ऊकलाची स्पीड टेस्ट लावली तर आकडा येतो ९२. लगेच फास्ट डॉट कॉम उघडलं तर ७०. बेडरूममध्ये लॅपटॉपवर गूगलमधली टेस्ट केली तर ३५! मग कस्टमर केअरला फोन जातो आणि ठरलेलं उत्तर येतं, ‘सर, आमच्याकडून फुल स्पीड दिसतोय.’ चिडू नका. बरेचदा तोही खरं बोलत असतो आणि तुम्हीही.

स्पीड टेस्ट मोजते ते एवढंच, की तुमच्या हातातला फोन आणि कुठला तरी एक सर्व्हर यांच्यामधल्या रस्त्यावरून त्या काही सेकंदांत किती डेटा आला. सर्व्हर बदलला, वेळ बदलली, खोली बदलली की आकडा बदलणारच.

आधी सर्व्हरचं बघू. ऊकलाची टेस्ट साधारणपणे जवळचा आणि चटकन उत्तर देणारा सर्व्हर निवडते. यातले बरेच सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये बसवलेले असतात. म्हणजे डेटा कंपनीच्या अंगणातच फिरून येतो. शिवाय ही टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते, त्यामुळे आकडा छान येतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये सुरू केलं. तिथला डेटा नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून येतो, म्हणजे तुमची वेबसिरीज ज्या वाटेनं येते तीच वाट तपासली जाते. गूगल सर्चमध्ये दिसणारी टेस्ट एम-लॅबची. ती एकाच कनेक्शनवर चालते, म्हणून वाटेत जराशी गडबड झाली तरी आकडा पडतो. यात कुणी खोटं बोलत नाही, प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. हवं तर ऊकलाच्या अ‍ॅपमध्ये सर्व्हर बदलून सिंगापूरचा निवडा आणि ‘मल्टी’ऐवजी ‘सिंगल’ कनेक्शन लावून बघा. गंमत कळेल.

पण माझं विचाराल तर सर्व्हरपेक्षा मोठा गुन्हेगार घरातच असतो, तो म्हणजे वायफाय. आपल्याकडे राउटर बसवतात कुठे, तर वायर जिथे घरात शिरते तिथे. मग तो टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या रॅकवर पडून राहतो. त्यात २.४ गीगाहर्ट्झच्या बँडवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. तुमच्या बिल्डिंगमध्ये तीस राउटर असतील तर सगळे या तिघांवरच भांडतात. ५ गीगाहर्ट्झवर जागा भरपूर आणि स्पीडही जास्त, पण मधे दोन भिंती आल्या की त्याचा दम निघतो. त्यामुळे हॉलमधले ९२ बेडरूमपर्यंत जाताना ३५ होतात, आणि त्यात कंपनीचा दोष शून्य.

म्हणून खरा आकडा हवा असेल तर लॅपटॉप थेट लॅन केबलनं राउटरला जोडा. इथे एक आकडा ओळखून ठेवा : ९४-९५. प्लॅन २०० चा आहे आणि केबल लावूनही दर वेळी ९४ च्या आसपासच अडकतंय, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, नाहीतर केबलच्या आतली एखादी तार तुटलीय. तुम्ही २०० चे पैसे भरताय आणि तुमचा डबा १०० च्या वर जाऊच शकत नाही! हे तपासायला पाच मिनिटं लागतात, पण कुणी तपासत नाही.

रात्री नऊनंतर स्पीड का पडतो? घरोघरी येणाऱ्या फायबरची नेहमीची पद्धत जीपॉन. तिच्यात साधारण २.५ जीबीपीएसची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ६४ घरांना प्रत्येकी १०० म्हणजे ६.४ जीबीपीएस. सगळे एकदम डाउनलोड करत नाहीत, या भरवशावर हा कारभार चालतो. मॅच असली की भरवसा डळमळतो. (आणि डाउनलोड करताना १२ दिसलं म्हणून ओरडू नका. तिथे मेगाबाइट असतात, १०० ला ८ नं भागा.)

प्लेसमेंटचा ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर मात्र हा मोठा आकडा विसरा. व्हिडिओ कॉलला थोडेच एमबीपीएस पुरतात. कॉल अडकतो तो अपलोड भरल्यामुळे आणि डेटाची ये-जा लांबल्यामुळे. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट संपल्यावर जास्तीची माहिती उघडा. तिथे ‘अनलोडेड’ आणि ‘लोडेड’ असे लेटन्सीचे दोन आकडे असतात. पहिला १५ आणि दुसरा ३०० असेल तर लाइनवर गर्दी होताच तुमचा आवाज तुटणार. रूममेटच्या फोनमधून ट्रिपचे फोटो क्लाउडवर चढत असतील तर तासभर थांबवायला सांगा.

तक्रार करायचीच असेल तर ‘नेट स्लो आहे’ म्हणून भागत नाही. लॅन केबल लावा, बाकीची सगळी डिव्हाइस आणि व्हीपीएन बंद करा. तीच टेस्ट, तोच सर्व्हर ठेवून तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा. वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. त्यावर काही झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

आणि केबलवर तिन्ही वेळा ९४ आले, तर फोन खाली ठेवा आणि राउटर टीव्हीमागून काढून उंचावर लावा. घरमालकाला विचारून भिंतीत एक खिळा ठोकावा लागेल, तेवढंच.