हागिया सोफियाचं दुखणं कसं शोधतात?

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती आतल्या ॲक्सेलेरोमीटर नावाच्या छोट्या सेन्सरमुळे. याच जातीचे, पण कितीतरी जास्त संवेदनशील सेन्सर १९९१ मध्ये इस्तंबूलच्या हागिया सोफियात बसवले गेले. तिथली कांदिल्ली वेधशाळा आणि अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ यांनी मिळून हे काम केलं. दीड हजार वर्षं जुन्या मशिदीला सेन्सर कशाला? चला, बघूया.

आधी इमारतीची हिस्टरी

ही इमारत सन ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झाली. १४५३ मध्ये तिची मशीद झाली, १९३५ ला संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. घुमटाचा व्यास साधारण ३१ मीटर आणि जमिनीपासून उंची साधारण ५५ मीटर.

पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला. तो फार चपटा होता, आणि चपटा घुमट खालच्या आधारांना बाहेर ढकलतो. त्यात सगळं बांधकाम सहा वर्षांच्या आत उरकलेलं. विटांच्या मध्ये चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे आपली चुना-सुरकीच, जाड थरात भरलेली होती. असा चुना सावकाश घट्ट होतो. तो पुरता धरायच्या आत वजन वर चढलं आणि मोठे खांब बाहेर कलले.

दुसरा, जास्त उंच घुमट ५६२ मध्ये तयार झाला. त्याचा पश्चिमेकडचा भाग ९८९ च्या भूकंपात पडला आणि पूर्वेकडचा १३४६ मध्ये. दोन्ही वेळा तेवढाच भाग नव्याने बांधला. म्हणजे आजच्या घुमटात तीन वेगवेगळ्या काळांचे तुकडे आहेत, आणि तो नीट गोलही नाही. मी सॉफ्टवेअरवाला, मला हा तीन टीम्सनी लिहिलेला जुना कोड वाटतो. चालतोय, पण हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करावा लागतो.

भेग चालू आहे की थांबलेली?

अशा इमारतीत भेगा असणारच. प्रश्न असा की भेग अजून वाढतेय का? पाचशे वर्षांपूर्वी पडून थांबलेल्या भेगेपेक्षा गेल्या पावसाळ्यापासून रुंदावत असलेली केसाएवढी भेग जास्त धोक्याची. म्हणून भेगेवर मोजपट्टी लावून महिनोन्‌महिने आकडे लिहितात. लेझर स्कॅनने पूर्ण आकार टिपतात. भिंतीच्या आत काय आहे ते रडारने बघतात.

इमारतीची नाडी

वारा आणि वाहतूक यांनी प्रत्येक इमारत किंचित डोलते. हागिया सोफिया सेकंदाला साधारण दोन वेळा डोलते. भूकंपाचा धक्का जोराचा असेल तर हा वेग तात्पुरता कमी होतो, कारण जुने सांधे थोडे सैल पडतात. धक्का संपल्यावर तो पूर्ववत झाला तर ठीक. नाही झाला, तर बाहेरून भिंत कितीही चांगली दिसो, आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. १७ ऑगस्ट १९९९ च्या मोठ्या भूकंपाची नोंदही या सेन्सर्सनी केली. संगणकावरचं मॉडेल बरोबर आहे का, हे अशा नोंदींवरून तपासता येतं.

औषध जपून

सोळाव्या शतकात वास्तुविशारद सिनान याने बाहेरून टेकू देणाऱ्या भिंती उभारल्या. १८४७ ते १८४९ मध्ये फोसाती बंधूंनी घुमटाच्या तळाभोवती लोखंडी साखळी आवळली. दोन्ही उपाय त्या बाहेर ढकलणाऱ्या जोरावरचे आहेत.

आज सगळ्यात सोपं काय, तर सिमेंट भरणं. तेच टाळायचं असतं! सिमेंट चुन्यापेक्षा कडक असतं, ओल आतच कोंडतं आणि त्यातले क्षार जुन्या विटा खातात. म्हणून चुन्याच्या जागी चुनाच. घुमट पुन्हा गोल करायचा हट्टही नको, कारण इमारतीने आपला भार याच वाकड्या आकारात सावरलाय.

२०२५ मध्ये मुख्य घुमटाचं काम सुरू झालं, तेही नमाज चालू ठेवून. घाई आहे, कारण इस्तंबूलच्या दक्षिणेला मार्मारा समुद्राखाली मोठी भूकंपरेषा आहे आणि तिथे मोठा भूकंप अपेक्षित आहे. वर मोझेक, खाली माणसं. चुकीच्या दुरुस्तीलाही इथे जागा नाही.

तुमच्या गावच्या जुन्या वाड्यात भेग दिसली तर लगेच सिमेंट लिंपू नका. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ती झपाट्याने वाढत असेल किंवा भिंत फुगलेली दिसली, तर मात्र वाट न बघता जाणकार इंजिनिअरला बोलवा.