दुधाच्या पिशवीची उत्तरक्रिया

आमच्या घरीं रोज दुधाच्या चार पिशव्या येतात. पुष्कळ वर्षें मी त्या जपून ठेवीत असें आणि पहांटे स्नानाचा बंब पेटवितांना दोन-तीन पिशव्या काटक्यांखालीं सारीत असें. जळण झटकन् पेट घेई व टाकाऊ वस्तु कारणीं लावल्याचें समाधानहि लाभे. गेल्या हिंवाळ्यांत धाकट्या नातवाचा खोकला महिनाभर हटेना. तेव्हां सूनबाईंनीं एके दिवशीं विनयानें, पण स्पष्ट सांगितलें, "मामंजी, बंबाचा हा धूर आपल्याच घरांत शिरतो."

मला प्रथम राग आला. परंतु 'आधीं पडताळा, मग बोला' असें जन्मभर मुलांस शिकविलेलें असल्यामुळें पुस्तकें उघडणें भाग पडलें. त्यांतून जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

चुलींत वा अंगणांत प्लॅस्टिक जाळणें हा अधम मार्ग होय. अपुऱ्या ज्वलनानें काजळी, कार्बन मोनॉक्साइड व कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें उत्पन्न होतात, त्यांत पी. व्ही. सी.चा तुकडा असेल, तर डायॉक्सिन नांवाचीं जहाल विषेंहि. जमिनींत पुरल्यास धूर होत नाहीं हें खरें. पण पदार्थ कुजत नाहीं व त्याचे सूक्ष्म कण मातींत आणि पाण्यांत मिसळत राहतात.

सिमेंटच्या भट्टींत जाळणें हा मध्यम मार्ग. तेथील प्रखर उष्णतेंत बहुतेक विषें नष्ट होतात व तितका दगडी कोळसा वांचतो. तथापि १ किलो पॉलिथीन जळलें कीं सुमारें ३ किलो कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो, हा दोष राहतोच. प्राणवायूवांचून तापवून प्लॅस्टिकचें तेल काढतात; परंतु त्यासहि ऊर्जा पुष्कळ लागते, आणि तेंच तेल पुढें जाळलें तर कर्ब हवेंतच जातो. बिस्किटांच्या बहुथरी वेष्टनांना मात्र याहून बरी गति क्वचितच मिळते.

धुऊन, वितळवून नवी वस्तु घडविणें हा उत्तम मार्ग. खनिज तेलापासून नवें प्लॅस्टिक करण्यापेक्षां यास ऊर्जा बरीच कमी लागते. प्रत्येक पुनर्जन्मीं गुण थोडा उतरतो, पिशवीची बहुधा काळी नळी किंवा बादली होते. तरीहि हाच मार्ग श्रेयस्कर. अट एकच: माल स्वच्छ व एकजातीय हवा. येथेंच सारें अडतें. १९५० पासून २०१५ पर्यंत जगांत सुमारें ६३० कोटी टन प्लॅस्टिकचा कचरा झाला. त्यापैकीं पुन्हां उपयोगांत आला तो अवघा शेंकडा ९.

ही अट कारखान्यांत नव्हे, आपल्या मोरींत पुरी होते. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करूं नये, नुसती चीर द्यावी. तो इवलासा तुकडा कोणी वेंचीत नाहीं. मग पिशवी विसळून दोरीवर वाळवावी आणि भंगारवाल्यास द्यावी. अर्थात् गवळ्याकडून भांड्यांत दूध घेतां आलें, तर पिशवीचा प्रश्नच उरत नाहीं.

नातवाचा खोकला कशानें थांबला, तें वैद्यच जाणोत. आमचा बंब आतां नारळाच्या सोडणांवर पेटतो. मी चाळीस वर्षें शिकविलें. हा धडा मात्र सूनबाईंकडून घेतला, हें येथें नमूद करणें माझें कर्तव्य आहे.