हळदीकुंकवाला सारंगी?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बैठक आमच्या ओसरीवर भरली होती. वाण काय लुटायचं, तिळगूळ कुणी करायचा, सगळं ठरलं. मग मी म्हटलं, "यंदा भावगीतांऐवजी सारंगी ठेवू या का? ओळखीतला एक मुलगा शिकतोय, येईल तो अर्धा तास."

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एकजण म्हणाली, "अगंबाई, हळदीकुंकवाला सारंगी? कुणी गेलं की वाजवतात ना ती!"

तिचं तरी काय चुकलं? मोठे पुढारी गेले की रेडिओवर, दूरदर्शनवर सारंगीचे सूर लागायचे. माझ्या सासूबाई तर सारंगी ऐकू आली की आधी विचारायच्या, "कोण गं गेलं?"

त्याच बैठकीत दुसराही विषय निघाला. आमच्या आळीतल्या काकू. काका गेल्याला सहा वर्षं झाली. मंडळाचा तिळगूळ दरवर्षी त्याच करून देतात आणि कार्यक्रम सुरू झाला की घरी निघून जातात. "यंदा त्यांनाही बोलवू या," मी म्हटलं. पुन्हा तीच शांतता!

मैत्रिणींनो, सारंगीला अशुभ कुणी ठरवलं? माणसाच्या गळ्याच्या सगळ्यांत जवळ जाणारं वाद्य म्हणून ती गाण्याच्या साथीला असे. उत्तरेत तवायफांनी ठुमरी-दादरा जपला, त्यांच्यामागे सारंगिये बसत. समाजानं त्या बायकांना नावं ठेवली आणि त्यांच्यासोबत सारंगीही बदनाम झाली. पुढे पेटी आली. शिकायला सोपी, सूर लावत बसायला नको. सारंगी मागे पडली. आपल्याकडे मात्र बालगंधर्वांच्या नाटकांत कादरबक्षांची सारंगी साथीला होती. ती ऐकताना आपल्या आज्या-पणज्यांना कधी अपशकुन वाटला नाही!

या वाद्याला पुन्हा मान मिळवून दिला तो पंडित रामनारायण यांनी. उदयपूरचा त्यांचा जन्म, १९४९ साली ते मुंबईत आले. सिनेमासाठी वाजवलं, पण साथीला मागे बसण्यापेक्षा एकट्यानं मैफल करायचं त्यांनी ठरवलं. २००५ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ते गेले. त्यांची मुलगी अरुणा नारायण यांचं नाव एकल सारंगीवादन करणारी पहिली स्त्री म्हणून घेतलं जातं. बापानं मुलीच्या हाती सारंगी दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी थोडी वादावादी होऊन दोन्ही गोष्टी ठरल्या. दोघीजणी मात्र "बघू" म्हणाल्या आणि आल्या नाहीत.

त्या मुलानं पेटीतून सारंगी काढली. एकाच लाकडातून कोरलेली, जेमतेम दोन फुटांची, पोटावर बकऱ्याचं कातडं. वाजवायच्या तारा तीनच, त्याही आतड्याच्या. त्यांच्याखाली तरफेच्या पस्तीस-छत्तीस तारा. त्यांना गज लागत नाही, वरचा सूर बरोबर लागला की त्या आपोआप झंकारतात. जुळवण्यातच वीस मिनिटं गेली, बायका चुळबुळ करायला लागल्या. मग त्यानं बोटांना पावडर लावली आणि यमन सुरू केला. चुळबुळ थांबली. कडेवरची पोरंसुद्धा गप्प झाली.

वाजवून झाल्यावर काकू मागून पुढे आल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी टेकवून सरकवतात. तिथं घट्टे पडले होते.

"दुखतं का रे?"

"सवय झाली काकू."

"सवय होते रे बाळा," काकू म्हणाल्या, "पण म्हणून दुखत नाही असं नाही."

मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापुढे गेले. त्यांनी आधी मान मागे घेतली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं. त्यांनीच केलेला तिळगूळ मी त्यांच्या हातावर ठेवला.

न आलेल्या त्या दोघींवर माझा राग नाही. पुढच्या संक्रांतीला त्यांच्या घरी बोलावणं करायला जाईन, तेव्हा काकूंनाच सोबत नेणार आहे.