वैद्यकीय अध्यापकांची पदोन्नती व संशोधन-प्रकाशन

वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकास वरच्या पदावर जाण्यासाठी अध्यापनाच्या अनुभवाबरोबरच शोधनिबंध प्रसिद्ध करावे लागतात. अनेक देशांत ही अपेक्षा या ना त्या स्वरूपात आढळते. भारतात मात्र ती विनियमाने व संख्येसह निश्चित केलेली असल्यामुळे तिचे गुणदोष विशेष स्पष्टपणे दिसून येतात. प्रस्तुत नोंदीत म्हणून मुख्यत्वे भारतीय व्यवस्थेचाच विचार केला आहे.

वैद्यकीय अध्यापकाची कर्तव्ये तीन : रुग्णसेवा, अध्यापन व संशोधन. जो उपचार आपण शिकवितो त्याचा आधार तपासून पाहण्याची क्षमता शिक्षकात असावी, ही या अपेक्षेमागील भूमिका असून ती रास्त आहे. अडचण मोजमापाची आहे. रुग्णशय्येपाशी उत्तम शिकविणाऱ्या अध्यापकाच्या कामाची लेखी खूण मागे राहत नाही. याउलट शोधनिबंध छापील स्वरूपात दाखविता येतो, मोजता येतो आणि त्या विषयाशी अपरिचित असलेल्या निरीक्षकासही त्याची नोंद घेता येते. संशोधनाच्या गुणवत्तेऐवजी निबंधांची संख्या पुढे आली, ती मुख्यतः या सोयीमुळे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९८ च्या अध्यापक-अर्हता विनियमांत शोधनिबंधांचा उल्लेख केवळ ‘इष्ट’ अर्हता म्हणून होता. पुढील दुरुस्त्यांनी तो अनिवार्य झाला : सहयोगी प्राध्यापकपदासाठी दोन व प्राध्यापकपदासाठी एकूण चार निबंध. सप्टेंबर २०१५ मध्ये परिषदेने परिपत्रक काढून कोणते निबंध ग्राह्य धरावयाचे, हे स्पष्ट केले. स्कोपस, पबमेड, मेडलाइन, एम्बेस, इंडेक्स मेडिकस व इंडेक्स कोपर्निकस यांपैकी एखाद्या सूचीत समाविष्ट असलेल्या नियतकालिकातील निबंध आणि त्यातही केवळ पहिले दोन लेखक यांनाच मान्यता मिळाली. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके वगळण्यात आली.

या परिपत्रकावर भारतीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीच २०१६ साली जाहीर आक्षेप घेतला. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्झ यांनी १८७९ साली सुरू केलेल्या इंडेक्स मेडिकस या सूचीचे प्रकाशन २००४ सालीच थांबले होते. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सूचीतील समावेश हा पात्रतेचा निकष ठरला होता. पोलंडमधील इंडेक्स कोपर्निकसच्या निवडीच्या काटेकोरपणाविषयी शंका होत्या, तर जगातील अनेक प्रतिष्ठित नियतकालिके छपाईकडून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाकडे वळत असताना तीच बाद ठरत होती. पुढे नियम बदलत गेले. २०१७ साली प्रथम लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक ग्राह्य धरण्यात आला. २०२० साली मर्यादा पहिल्या तीन लेखकांपर्यंत वाढली, सूचींची यादी बदलली व मूळ संशोधनाबरोबर पद्धतशीर समालोचने व रुग्णमालिका यांनाही स्थान मिळाले. त्याच वर्षी परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला.

लेखकांच्या क्रमाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. महाविद्यालयात तो तसा राहत नाही. एम. डी. व एम. एस. या पदव्यांसाठी विद्यार्थ्याने प्रबंध लिहावयाचा असतो व अध्यापकांचे बरेचसे निबंध अशा प्रबंधांतूनच तयार होतात. विद्यार्थी रुग्णांची माहिती गोळा करतो, मार्गदर्शक विषय व पद्धती ठरवितो. पहिले नाव कोणाचे, यावर एकाची पदोन्नती अवलंबून असेल, तर कनिष्ठाची बाजू लंगडी पडणे स्वाभाविक आहे. अनेक केंद्रांत मिळून होणाऱ्या मोठ्या चाचण्यांत वीस-पंचवीस जणांचे श्रम असतात. त्यांपैकी बहुतेकांच्या पदरी काहीच पडत नाही. सोयीची व एकट्यास पुरी करता येण्याजोगी लहान पाहणी त्यामुळे अधिक लाभाची ठरते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे निकष घालून दिले आहेत. तरीही विभागप्रमुखाचे नाव सौजन्य म्हणून घालण्याची प्रथा सर्वत्र आढळते.

सक्तीच्या मागणीमुळे पुरवठाही निर्माण झाला. लेखकाकडून शुल्क घेऊन तज्ञपरीक्षणाविना निबंध छापणाऱ्या नियतकालिकांना जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाने ‘भक्षक’ हे विशेषण लावले. अशा नियतकालिकांतील निबंधांची संख्या २०१० मध्ये सु. ५३,००० होती, ती २०१४ मध्ये सु. ४,२०,००० झाली, असा अंदाज शेन व ब्यर्क यांनी २०१५ साली वर्तविला, लेखकांपैकी सु. तीन चतुर्थांश आशिया व आफ्रिकेतील होते. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. येथे हानी केवळ प्रतिष्ठेची नाही. पुढे कोणी त्या औषधाविषयीचे सर्व पुरावे एकत्र करू लागल्यास असा निबंध त्यांत शिरतो व मात्रेविषयीचा निर्णय चुकू शकतो.

सक्तीने संशोधन किती वाढले? सम्राट रे, ईशान शाह व समीरन नंदी यांनी २००५–१४ या दशकातील ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांची पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था केवळ २५ (४·३%) होत्या. ३३२ संस्थांतून (५७·३%) दहा वर्षांत एकही निबंध निघाला नव्हता. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, सांख्यिकी तज्ञाचा अभाव व संशोधनासाठी राखून ठेवलेल्या वेळाचा अभाव या गोष्टी निबंधांची संख्या ठरवून दिल्याने दूर होत नाहीत.

अशी सक्ती नसतानाही महत्त्वाचे संशोधन झालेले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. कोकणातील विंचूदंशावर काम करणारे हिंमतराव बावस्कर तर कोणत्याही महाविद्यालयात पदोन्नतीची वाट पाहत नव्हते. त्यांची निरीक्षणे १९८२ व १९८६ साली द लॅन्सेटमध्ये आली. दोघांच्याही बाबतीत प्रश्न समोरच्या रुग्णातून उद्भवला होता.

पर्यायांची चर्चा जुनी आहे. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली अध्यापन व ज्ञानाचे उपयोजन यांनाही विद्वत्तेचे प्रकार मानावे, असे सुचविले. अनेक अमेरिकन वैद्यकीय विद्यालयांत रुग्णसेवक-अध्यापकांसाठी वेगळी पदोन्नतिशाखा आहे. संख्येऐवजी उमेदवाराने निवडलेले मोजके निबंध समितीने प्रत्यक्ष वाचावे, ही सूचना अधिक ग्राह्य वाटते. मात्र तीत वाचणाऱ्याचा वेळ जातो व निःपक्षपातीपणाची हमी द्यावी लागते. भारतात २०२५ च्या विनियमांनी निकष पुन्हा बदलले असून मोठ्या शासकीय रुग्णालयांतील दहा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ञांना सहयोगी प्राध्यापकपदाचा मार्ग खुला केला आहे.