सगळ्यांना घेऊन जाणारी गाडी

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे इतिहास आता स्मरणिकांमधून छापून येऊ लागले आहेत. त्यांत पहिले अध्यक्ष असतात, पहिला गणपती असतो, पहिलं नाटक असतं. गाडी मात्र कुठेच नसते. माझं स्पष्ट मत आहे की १९७०च्या दशकात ही मंडळं उभी राहिली आणि टिकली, त्यात एका गाडीचा फार मोठा हात होता. ती म्हणजे अमेरिकन स्टेशन वॅगन. साडेपाच मीटर लांब, दोन टन वजनाची, बाजूला लाकडाचा भास देणारी पट्टी आणि आत आठ-दहा माणसांची बसायची सोय. मी अशा दोन गाड्या बाळगल्या. त्यांच्यावर माझा अतोनात जीव होता आणि आजही आहे.

मी चेंबूरचा. साठच्या दशकात आमचा एक ठरलेला उद्योग असे. सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर आर. के. स्टुडिओच्या फाटकासमोर उभं राहायचं आणि आत-बाहेर करणाऱ्या गाड्या ओळखायच्या. युनियन पार्कात अशोककुमार राहत, नलिनी जयवंत राहत. त्यामुळे त्या बाजूलाही चक्कर व्हायची. मोठ्या अमेरिकन गाड्या तेव्हा मुंबईत दिसत, पण त्यांचे दिवस भरत आले होते. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला शेव्हरोले जोडत होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरून, १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या होत्या. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवलं : जे सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवतील त्यांनीच इथे गाड्या काढाव्यात. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला. धोरण देशाच्या हिताचं होतं, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यानंतर सर्वसाधारण घरासाठी उरल्या त्या फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि स्टँडर्ड. फियाट ११०० चार मीटरपेक्षाही लहान, आणि आमची घरं मात्र आजी, आत्या, काका, चुलत भावंडं अशी भरलेली.

वॅगन म्हणावी अशी अमेरिकन वंशाची एकच गाडी इथे टिकली : विलिस जीपची स्टेशन वॅगन. ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने ती १९४६ साली अमेरिकेत आणली. तिचं सगळं अंग पत्र्याचं. लाकडाचा भास नुसत्या रंगाने साधलेला. महिंद्रांनी ती भारतात बनवली. मागे पाट्यांची सस्पेन्शन, उंच टप, चौकोनी पाठ. चेंबूरच्या खड्ड्यांतून ती बिनदिक्कत जायची. अ‍ॅम्बॅसेडरचीही इस्टेट, म्हणजे वॅगनच, निघत असे, आणि काही कोचबिल्डर फियाटला मागे लांबवून वॅगन करून देत. पण या गाड्या घरोघर पोचल्या नाहीत.

अमेरिकेने १९६५ साली परदेशी लोकांना प्रवेश देण्याचा कायदा बदलला आणि इंजिनियर, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांना दार उघडलं. चेंबूर-ट्रॉम्बेतून किती मुलं गेली! खिशात रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेले आठ डॉलर आणि पेटीत मेतकूट. मी डेट्रॉईटच्या परिसरात नोकरीला लागलो. मोटारींच्याच गावात राहायचं आणि गाडी नाही, हे शक्यच नव्हतं. पण नवी वॅगन आमच्या आवाक्याबाहेरची होती.

ती आवाक्यात आणली अरब देशांनी. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. पंपांवर रांगा लागल्या, काही राज्यांत नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्याप्रमाणे पेट्रोल मिळू लागलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये सबंध देशासाठी ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या गाड्या अमेरिकन कुटुंबं मिळेल त्या भावात काढू लागली. ज्या गाडीकडे आम्ही दुरून बघत होतो ती वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात अचानक आमच्या खिशाला परवडू लागली. पेट्रोल जास्त लागायचं, पण पाच कुटुंबांत वाटून घेतलं की सोसायचं. गोऱ्या शेजाऱ्याला जी गाडी जड झाली, तीच आम्हाला नेमकी हवी होती.

माझी पहिली वॅगन १९७२ची फोर्ड कंट्री स्क्वायर. हिरवा रंग, बाजूंना तपकिरी लाकडी छाप, ६.६ लिटरचं व्ही-८ इंजिन. किल्ली फिरवली की खोलवरून एक संथ घरघर सुरू व्हायची आणि गाडी हलतेय हे बाहेर बघितल्यावरच कळायचं. मागचा फाळका हा तर कारागिरीचा उत्तम नमुना होता. ट्रकच्या फाळक्यासारखा तो खाली पडायचा आणि दारासारखा बाजूलाही उघडायचा. काच वर असो की खाली, बाजूला उघडायला अडचण नाही. बिजागऱ्यांची ही युक्ती फोर्डने १९६६च्या मॉडेलपासून आणली होती आणि १९६९ पासून ती आणखी सुधारली होती. मागच्या जमिनीखालून दोन छोटी बाकं निघत, एकमेकांकडे तोंड केलेली. तो मुलांचा मुलुख. तिथे गुडघ्याला गुडघे लावून पत्ते, भेंड्या, भांडणं सगळं चालायचं, आणि आम्हा मोठ्यांना पुढे निवांत बोलता यायचं. क्रायस्लरच्या वॅगनमध्ये मागची सीट रस्त्याकडे तोंड करून असायची. ती मुलं मागच्या ड्रायव्हरांना हात हलवत जात. आजच्या नियमांच्या नजरेने बघितलं तर यात सुरक्षितता कमीच होती, हे खरं.

या गाडीचा जन्मही सगळ्यांना सामावून घेण्यासाठीच झाला. रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या उतारूंना सामानासकट हॉटेलात किंवा घरी पोचवायचं म्हणून फोर्डच्या मॉडेल टीवर लाकडी सांगाडा चढवत. पुढे १९२९ पासून फोर्ड स्वतःच मॉडेल ए या गाडीची वॅगन विकू लागली, आणि तिचं लाकूड मिशिगनच्या उत्तरेतल्या आयर्न माउंटन इथल्या फोर्डच्या कारखान्यात कापलं जाई. कंट्री स्क्वायर हे नाव १९५० सालचं. पहिली दोन वर्षं तिच्या अंगावर खरं लाकूड होतं; १९५२ पासून सगळं अंग पोलादी झालं आणि वर लाकडाची नक्षी राहिली. १९५६ साली ४१ हजार मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला. शहराबाहेर घरं पसरली, आणि प्रत्येक घरापुढे वॅगन आली.

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते तिच्या पोटाचं माप. अमेरिकेत प्लायवूडची फळी चार फूट बाय आठ फुटांची मिळते. पूर्ण आकाराच्या वॅगनची मागची सीट पाडली की ही फळी तिच्यात सपाट मावते. नाटकवाल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. मंडळाचं नाटक शाळेच्या सभागृहात व्हायचं. सभागृह त्या दिवसापुरतं भाड्याने. नेपथ्याचे फ्लॅट कुणाच्या तरी गॅरेजात ठोकायचे, रंगवायचे आणि प्रयोगाच्या सकाळी नेऊन उभे करायचे. ट्रक भाड्याने घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. वॅगन होती. दिवाणखान्याच्या तीन भिंती, एक दार, एक खिडकी असा सबंध संच दोन वॅगनमध्ये जायचा. परत येताना त्यांतच बायका, मुलं, पेटी, तबला आणि उरलेला मसालेभात. गणपतीचं मखर तसंच. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९चं, या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. या दोन सालांच्या मधल्या काळात गावोगाव जी मंडळं रुजली, त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत वाहतुकीचा खर्च फारसा सापडणार नाही. तो वॅगनवाल्यांनी उचलला होता.

दुसरी मोठी कामगिरी वाणसामानाची. शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचं दुकान उघडलं. डेट्रॉईटहून शिकागो साडेचारशे किलोमीटर. शनिवारी पहाटे निघायचं, याद्या सगळ्या ओळखीच्यांच्या. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गूळ, हिंग, तांदळाची पोती. परतताना मागच्या स्प्रिंगा दबलेल्या असत आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघत. हिंगाचा वास गाडीतून महिनाभर हलत नसे. रविवारी आमच्या ड्राइव्हवेवर वाटप व्हायचं. स्वयंपाकघरातला तराजू बाहेर यायचा, चहा व्हायचा, आणि नव्याने आलेल्या जोडप्याला तिथेच पहिल्यांदा चार मराठी घरं भेटायची. नागपूरहून आलेली एक नवी नवरी पोह्याची पिशवी हातात घेऊन रडली होती. तिची मुलं आता चाळिशी ओलांडून गेली आहेत.

पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सला व्यंकटेश्वराचं देऊळ झालं तेव्हा तिकडच्या वाऱ्या सुरू झाल्या. भारतातून आई-वडील आले की हाच प्रवास ठरलेला. माझी आई बाक-सीटवर मांडी घालून बसायची. चेंबूरला फियाटमध्ये तिला पाय दुमडून कोपऱ्यात बसावं लागे; इथे ती मांडी घालून, शेजारी डबा ठेवून, मोकळ्या आवाजात रामरक्षा म्हणत जायची. उन्हाळ्यात मॅकिनॉचा पूल ओलांडून उत्तरेला जायचो. वॅगनच्या मागच्या भागात गादी अंथरली की मुलं झोपत.

दुसरी गाडी १९७६ची ब्युइक इस्टेट. तिच्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण मनात पहिलीच आहे. ५.९ मीटर लांब, ७.५ लिटरचं इंजिन. जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ या काळात केलेली करामत तिच्यात होती : मागची काच वर टपात शिरायची आणि फाळका खाली जमिनीत. मागे काहीच उरायचं नाही, नुसती मोकळी चौकट. पाहुणे आले की ते दाखवण्याचा कार्यक्रम ठरलेला. १९७७ पासून कंपनीने मोठ्या गाड्या लहान केल्या. म्हणजे ही त्या जातीतली शेवटच्या वर्षाची.

मिशिगनमध्ये वॅगनचा खरा शत्रू मीठ. डेट्रॉईट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. मागची मडगार्डं, फाळक्याची खालची कड, चाकांच्या कमानी यांना आधी बुडबुडे येत, मग भोकं पडत. इंजिन ठणठणीत आणि पत्रा संपलेला, अशा अवस्थेत हजारो वॅगन भंगारात गेल्या. म्हणून आज ज्या उरल्या त्या बहुतेक कोरड्या, बिनबर्फाच्या प्रांतातल्या.

मग ही जात का संपली? लोकांना ती आवडेनाशी झाली, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. इंधनबचतीचा कायदा १९७५ साली झाला आणि १९७८च्या मॉडेलपासून मोटारींना गॅलनमागे सरासरी १८ मैलांची, १९८५पर्यंत २७.५ मैलांची अट लागली. वॅगन मोटारींत मोजली जाई. हलक्या ट्रकांना वेगळी आणि सौम्य अट होती. १९८३च्या अखेरीस क्रायस्लरने मिनिव्हॅन आणली. ती ट्रकांत मोजली गेली. कुटुंबांना सरकत्या दाराची, उंच बसायची सोय मिळाली, कंपन्यांना कायद्यातून वाट मिळाली. कंट्री स्क्वायर १९९१ साली बंद झाली. शेवटच्या मोठ्या वॅगन, शेव्हरोले कॅप्रिस आणि ब्युइक रोडमास्टर, १९९६ साली टेक्सासच्या आर्लिंग्टन इथल्या कारखान्यातून निघाल्या, आणि त्यानंतर तो कारखाना ट्रक व एसयूव्हींकडे वळला.

नव्वदच्या दशकात आम्ही चेंबूरला परतलो. त्याच सुमारास, १९९२ साली, टाटांची इस्टेट आली होती; पुण्यात बनलेली, डिझेलवरची, दिसायला ऐटदार. मी ती घेतली आणि डायमंड गार्डनच्या आसपासच्या गल्ल्यांतून आनंदाने चालवली. भारतीय गिऱ्हाइकाने मात्र लांब पाठीची गाडी आपली मानली नाही. पुढे इंडिगो मरिना आली, तीही गेली. आज तेच काम इनोव्हा आणि अर्टिगा करतात, चोख करतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांत नाटकाची भिंत आडवी मावत नाही.

आता एक विनंती. मुंबईत आणि महाराष्ट्रात जुन्या वॅगन अजून आहेत : महिंद्रांची विलिस, अ‍ॅम्बॅसेडर इस्टेट, एखादी आयात केलेली अमेरिकन. पुनर्विकासासाठी चेंबूरच्या सोसायट्या रिकाम्या होताहेत आणि ताडपत्रीखालची गाडी पहिल्यांदा भंगारवाल्याला दाखवली जाते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली आणि मूळ स्वरूप राखलेली खासगी गाडी त्यांत बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला परवानगी नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा गाडी काढून टाकण्याआधी कागदपत्रं शोधा आणि विंटेज गाड्यांची नोंदणी जाणणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. आणि अमेरिकेतल्या मंडळांना सांगणं आहे : तुमच्या जुन्या अल्बमांत नाटकाच्या आणि गणपतीच्या फोटोंमागे या गाड्या उभ्या आहेत. कुणाची गाडी, कोणतं साल, त्यातून काय काय नेलं, हे सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.