तेल ऊन करण्याची विद्या

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने मांडलेले एक लहानसे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालत होते, आणि ते इतके सुरळीत चालत होते की ही गोष्ट फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आली, असे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असल्यामुळे फ्रेंच सरकारने त्या प्रयोगात विशेष रस घेतला होता. पुढे खनिज तेल स्वस्त व मुबलक झाले आणि इंजिनाचा पंप, त्याच्या नळ्या, त्याची सूक्ष्म छिद्रे यांची घडण त्या पातळ इंधनालाच अनुरूप होत गेली. म्हणून जर्मनी, इंग्लंड व अमेरिका या देशांतील हौशी मंडळींनी जुन्या मोटारींच्या टाकीत पुन्हा वनस्पती तेल ओतण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न तेल जळेल की नाही हा नव्हता. ते पुरेसे पातळ कसे करावे, हा होता.

जर्मनीत या कामी वापरले जाणारे रेपसीडचे तेल, जे मोहरीच्याच कुळातील एका पिकापासून काढतात, ४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. आणि थंडीच्या सकाळी आपल्या घरातले खोबरेल तेल बाटलीत थिजते हे पाहिलेल्या वाचकाला, हिवाळ्यातील म्युनिकमध्ये हे रेपसीड तेल किती दाटत असेल, हे निराळे सांगावयास नको. दाट तेल इंजेक्टरच्या छिद्रांतून बाहेर पडताना त्याचा धुक्यासारखा फवारा होत नाही, मोठे थेंब होतात. हे थेंब हवेत पूर्णपणे जळण्यापूर्वीच सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात, छिद्रांच्या तोंडाशी काजळी धरते, पिस्टनच्या कड्या चिकटू लागतात, आणि न जळलेले तेल कड्यांच्या बाजूने खाली झिरपून वंगणात मिसळते व तेथे काही काळाने वंगणाचा घट्ट लगदा बनवते. हा बिघाड एका दिवसात होत नसल्यामुळेच तो अधिक घातक आहे; गाडी कित्येक महिने उत्तम चालते आणि मालकाची खात्री पटत जाते, की आपले काही चुकलेले नाही.

उपाय साधा आहे. तेच तेल ८० अंशांच्या आसपास तापवले, तर त्याचा दाटपणा ४० अंशांवरील दाटपणाच्या सुमारे एक-तृतीयांश उरतो. तो डिझेलइतका होत नाही हे खरे, तथापि बहुतेक जुन्या इंजिनांना तेवढे पुरते. आणि ही उष्णता विकत आणावी लागत नाही, कारण इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती खेळणारे पाणी बहुधा ८० ते ९० अंशांवरच असते आणि त्यातली उष्णता एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. ते पाणी तेलाच्या टाकीतून, गाळणीभोवती आणि पंपापूर्वी बसवलेल्या पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकातून फिरवले, की बहुतेक काम होते. जिथे हे पाणी पोहोचत नाही तिथे विजेच्या तापकाची जोड देतात. तेलाच्या वाटेवर तांब्याच्या नळ्या मात्र टाळाव्या, कारण तांब्याच्या सान्निध्यात तेल लवकर खराब होते.

परंतु पाणी तापेपर्यंत काय करावयाचे? या एका प्रश्नातून दोन टाक्यांची पद्धत जन्मली: गाडी डिझेलवर सुरू करावयाची, इंजिन नीट तापल्यावर झडप फिरवून ऊन तेलाकडे वळावयाचे, आणि मुक्कामी पोहोचण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर येऊन पंप व नळ्या धुऊन घ्यावयाच्या, म्हणजे रात्री थंडावलेल्या इंजिनात दाट तेल साचून राहत नाही. या दस्तुरात कसूर करणाऱ्याचे इंजिन फार दिवस टिकत नाही. जर्मन अभियंता लुडविग एल्सबेट यांच्या नावाने पुढे आलेली दुसरी पद्धत एकाच टाकीची आहे. तिच्यात इंजेक्टर व प्रज्वलनाच्या तप्त कांड्या बदलून थंड इंजिनच तेलावर सुरू करतात. माझा कल पहिलीकडे आहे.

इंजिनाची निवडही निर्णायक ठरते. मर्सिडीझ ३०० डीसारख्या जुन्या गाड्यांत इंधन प्रथम एका लहान पूर्वकक्षात जळते आणि मोठे थेंब तेथे बऱ्याच अंशी खपून जातात. आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून अतिउच्च दाबाने इंधन पुरवणाऱ्या इंजिनांत, अशी क्षमा नाही. शिवाय ताज्या तेलाऐवजी तळणीचे वापरलेले तेल घ्यावयाचे असेल, तर त्यात पाणी, मीठ व अन्नाचा चुरा असतो. ते आधी स्थिरावू द्यावे, गाळावे, आणि त्यातील पाणी निघाल्याची खात्री करावी. याही कामी मंद उष्णताच उपयोगी पडते.

अशा इंधनाबाबत सरकारांचे धोरण देशागणिक निरनिराळे आहे. ब्रिटनने २००७ पासून वर्षाला २५०० लिटरपर्यंत असे इंधन तयार करणाऱ्यास करमाफी दिली. जर्मनीने रेपसीड तेलासाठी स्वतंत्र मानक घालून दिले, मात्र २००६ नंतरच्या कायद्यांनी करसवलत टप्प्याटप्प्याने आवरती घेतली. आपला देश तर खाद्यतेलाच्या निम्म्याहून अधिक गरजेसाठी आयातीवर अवलंबून आहे. तेव्हा येथे ताजे तेल गाडीत जाळणे मला मुळीच समर्थनीय वाटत नाही. वापरलेल्या तेलाची गोष्ट निराळी: वारंवार तापवल्याने तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली, तर ते तेल पुन्हा तळणीस वापरण्यास २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, आणि अशा तेलापासून जैवडिझेल करण्याचा मार्गही खुला आहे. उपाहारगृह चालवणाऱ्या वाचकांनी ते गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे, आणि नवी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांनी ते स्वतःच्या टाकीत मुळीच ओतू नये.